जळगावचा मे महिना आणि केमिस्ट्रीची लॅब: आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहाद्याच्या कॉलेजात एम.एस्सी. ऑरगॅनिकचं पहिलं वर्ष संपतंय, मे-जूनचे आठ आठवडे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात उन्हाळी काम मिळालंय, विषय आहे चाल्कोन (अल्डिहाइड आणि कीटोन जोडून होणारा पिवळसर पदार्थ) बनवून त्यापासून पायराझोलिन (दोन नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं वलय). आधी काय वाचावं, शेवटी पेपर निघेल का, आणि 'उन्हाळ्यात रिॲक्शन लागत नाहीत' असं सीनियर म्हणतात ते खरं का, हे तीन मुद्दे विचारलेत. तिसऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण खानदेशात बाकी सगळं त्यावर बेतावं लागतं.

रिॲक्शन लागतात. बिघडतं ते रिॲक्शनच्या आजूबाजूचं. बाहेर ४४ अंश असताना लॅबमध्ये ३८ ते ४० सहज असतात आणि पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे २५. या १५ अंशांच्या फरकात डायइथाइल ईथर (उकळबिंदू ३४.६) बाटलीतच उकळायच्या बेतात असतं, डीसीएम (डायक्लोरोमिथेन, ३९.६) काठावर आणि ४०–६० अंशांदरम्यान उकळणारं पेट-ईथर (पेट्रोलियम ईथर) त्याच पंगतीत. म्हणून मे महिन्यात एक्स्ट्रॅक्शनला ईथर आणि डीसीएम शक्यतो वापरूच नको. इथाइल ॲसिटेट (७७; पुढे नुसतं 'इथाइल') वापर. टीएलसीला (सिलिकाच्या पातळ प्लेटवर पदार्थ वेगळे करून बघणं) पेट-ईथर हवंच असेल तर ६०–८० चं घे, नाहीतर हेक्झेन (६९). सेपरेटिंग फनेलमध्ये डीसीएम घालून झाकण लावून हलवलं की आत दाब चढतो आणि पहिल्याच हलवण्याला झाकण उडतं. डीसीएम घ्यावंच लागलं तर बाटली आणि फनेल दोन्ही आधी बर्फात ठेव, एकदा हलवलं की लगेच तोटी वर करून वाफ सोड. बाटली उघडताना तोंड हूडच्या (वाफ बाहेर ओढणारं कपाट) आत आणि आपल्या चेहऱ्यापासून लांब. ईथर घरगुती फ्रिजमध्ये ठेवायची कल्पना कुणी काढली तर ऐकू नको. आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरते.

दुसरी अडचण नळाच्या पाण्याची. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारं पाणी ३८-४० अंशांचं असतं. इथेनॉलच्या रिफ्लक्सला (७८; मिश्रण उकळत ठेवून वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून परत खाली आणणं) त्यावर कसंबसं भागतं, पण रोटाव्हॅपॉरला (व्हॅक्यूममध्ये सॉल्व्हंट उडवून काढणारं यंत्र, थोडक्यात रोटा) नाही. रोटाचा साधा नियम असा की बाथ, वाफ आणि थंड पाणी यांच्यात प्रत्येकी २० अंशांचं अंतर हवं. पाणी २० अंशांचं असेल तर वाफ ४० ला आणि बाथ ६० ला. पाणीच ३८ असेल तर वाफ ५८ वर आणि बाथ ७८ वर न्यावा लागतो. म्हणजे व्हॅक्यूम लावूनही न लावल्यासारखंच. तसं न करता मुलं व्हॅक्यूम वाढवत नेतात. मग इथाइल कंडेन्सरमध्ये थांबतच नाही, सरळ पंपात जातं, रिसीव्हर कोरडा राहतो आणि लॅबभर वास सुटतो.

यावर उपाय आपल्या भागात घरोघरी आहे: कुलरचा पंप. २० लिटरची बादली, अर्धी पाणी अर्धा बर्फ, त्यात कुलरचा छोटा बुडता पंप. त्याची नळी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला आणि वरच्या तोंडाची नळी परत बादलीत. हा पंप पाणी साधारण पाच-सहा फुटांपर्यंतच चढवतो, म्हणून बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेव. तोंडावर तारेची क्लिप किंवा केबल टाय लावायला विसरू नको. नळी निसटली की पाणी थेट हॉटप्लेटवर पडतं. बर्फ वितळून पाणी २० च्या वर गेलं की थोडं काढून बर्फ टाक. यात आणखी एक फायदा आहे: टाकी रिकामी झाली तरी कंडेन्सर कोरडा पडत नाही. मे महिन्यात चालू रिफ्लक्स उडून जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं.

पाण्याच्या झोतावर चालणारा व्हॅक्यूम पंप असेल तर त्यातही बर्फ टाकावा लागतो. असा पंप पाण्याच्या स्वतःच्या वाफेच्या दाबाखाली जाऊच शकत नाही. २० अंशांना तो दाब १७.५ मिमी असतो, ४० ला ५५ मिमी. पंप 'खराब झालाय' असं उन्हाळ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. निम्म्या वेळा पंप ठीक असतो, पाणी गरम असतं.

वीज जाण्याची सवय ठेव. वीज गेली की पहिलं काम: पंपाची नळी सोडून व्हॅक्यूम मोडणं, नाहीतर पंपातलं पाणी उलटं फ्लास्कमध्ये येतं. दुसरं: हॉटप्लेटचं बटण शून्यावर. जुन्या फिरत्या बटणाच्या प्लेटा वीज आल्यावर आपोआप पूर्ण तापायला लागतात, आणि तोवर तू चहाला गेलेला असतोस. थांबलेला वेळ वहीत लिही. 'सहा तास रिफ्लक्स' मधले दीड तास थंड असतील तर ते सहा तास नव्हेत.

शक्य असेल तर सकाळी साडेसातला लॅब उघडून घे. सॉल्व्हंटची, वर्कअपची (रिॲक्शन संपल्यावर माल वेगळा काढणं), कॉलमची (सिलिका भरलेल्या नळीतून शुद्ध करणं) कामं बारापर्यंत. दुपारी मेल्टिंग पॉइंट, वही, वाचन, स्पेक्ट्रा. बहुतेक गाईड या वेळापत्रकाला हरकत घेत नाहीत, मात्र एकट्याने लॅबमध्ये काम करायचं नाही ही अट पाळावीच लागते, म्हणून सीनियर ताई किंवा दादा किती वाजता येतात ते आधी विचार.

आता मूळ कामाकडे. विषय 'चाल्कोन' एवढाच असेल तर पहिला चाल्कोन कोणता निवडायचा हे गाईडशी बोलून ठरव. साधा चाल्कोन, म्हणजे बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोनचा, ५५ ते ५७ अंशांना वितळतो. लॅब ४० वर असताना थोडी अशुद्धी आणि थोडं इथेनॉल सोबत असेल तर तो स्फटिक व्हायच्या ऐवजी पिवळं तेल होऊन तळाशी बसतो, आणि नवशिक्याचा आठवडा त्या तेलात जातो. ४-क्लोरोबेंझाल्डिहाइडपासूनचा चाल्कोन ११४ च्या आसपास वितळतो, घट्ट बसतो, गाळायला सोपा. उन्हाळ्यात सुरुवात त्याने करावी.

प्रमाण १० मिलिमोलचं घे: ४-क्लोरोबेंझाल्डिहाइड १.४१ ग्रॅम, ॲसिटोफिनोन १.२० ग्रॅम (१.१७ मिली), इथेनॉल १० मिली, ५० मिलीच्या आरबीमध्ये (गोल बुडाचा फ्लास्क), चुंबकी ढवळणीवर. बर्फाच्या बाथमध्ये आतलं तापमान १० ते १५ वर आण. वेगळ्या चंचुपात्रात ०.५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड ५ मिली पाण्यात विरघळव. ते विरघळताना तापतं, म्हणून तेही बर्फात थंड करून मगच थेंब थेंब दहा मिनिटांत घाल. नंतर बाथ काढू नको. आपल्याकडे बाथ काढला की मिश्रण ४० वर जातं, आणि पुस्तकात सांगितलेली वरची मर्यादा ३० च्या आसपासची असते. दोन-तीन तासांत पिवळसर लगदा होतो. तो साधारण ५० ग्रॅम बर्फाच्या चुऱ्यावर ओत, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने लिटमसला उदासीन कर, बुखनर फनेलवर गाळ, थंड पाण्याने धू, शेवटी बर्फातलं इथेनॉल दोन-तीन मिली फिरव. इथेनॉल थंड नसेल तर या शेवटच्या धुण्यातच माल वाहून जातो.

शंभर टक्के म्हणजे २.४३ ग्रॅम. वाळवलेला, स्फटिक केलेला माल दोन ग्रॅम मिळाला तर ८२ टक्के, चांगलं आहे. १०५ टक्के मिळाला तर तो ओला आहे, आनंद करू नको. वाळवायला १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये टाकू नको. ११४ ला वितळणारा पदार्थ ओला आणि अशुद्ध असताना त्याआधीच मऊ पडतो. ५० अंश किंवा डेसिकेटर. दोन वेळा तोलून वजन सारखं आलं की वाळला.

काय बिघडतं? बहुतेक वेळा अल्डिहाइड. बाटली वर्षानुवर्षं उघडझाप झालेली असते आणि हवेने त्याचं कार्बोक्झिलिक ॲसिड झालेलं असतं. बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या गळ्याशी पांढरा थर दिसतो, तो बेंझोइक ॲसिडचा. ते ॲसिड तुझं सोडियम हायड्रॉक्साइड खातं आणि रिॲक्शन अर्ध्यावर थांबते. द्रव अल्डिहाइड असेल तर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, कोरडं करून घे. ४-क्लोरो घन असतो, पण तोही सुमारे ४६ अंशांना वितळतो. मेमध्ये बाटलीत अर्धवट गोळा झालेला सापडतो. अशा वेळी चमच्याने वरचा थर उचलू नको. कोमट पाण्यात बाटली ठेवून सगळा वितळव, मिसळव, मग घे. तरी शंका असेल तर थोडा इथाइलमध्ये विरघळवून बायकार्बोनेटच्या द्रावणाबरोबर हलव; बुडबुडे आले तर ॲसिड आहे.

दुसरं, ॲसिटोफिनोन जास्त पडणं. १.१७ ऐवजी दीड मिली गेलं तर तयार चाल्कोनवर ॲसिटोफिनोनचा आणखी एक रेणू मायकेल पद्धतीने चढतो आणि १,५-डायकीटोन मिळतो. गरमीत हे जास्त होतं. म्हणून द्रवसुद्धा सिरिंजच्या खुणांवर न घेता काट्यावर तोलून घे. काट्याची गोष्ट निघालीच आहे तर: समोर कुलर सुरू असेल तर चौथा दशांश नाचत राहतो. तोलताना काट्याची काचेची दारं बंद आणि कुलरचं तोंड दुसरीकडे.

कुलर लॅबमध्ये आणखी एक उपद्रव करतो. बाहेर कोरडी हवा असली तरी कुलर आत दमट हवा ढकलतो. केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, ज्याच्या गोळीत नमुना तपासतात) ओलं होतं आणि आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) ३४०० आणि १६४० च्या जवळ रुंद पट्टे येतात. मुलं त्याला 'ओएच ग्रुप आला' म्हणतात. केबीआर ११० अंशांना वाळवून डेसिकेटरमध्ये ठेव आणि नुसत्या केबीआरची गोळी आधी चालवून बघ. टीएलसीच्या प्लेटाही ओल्या होतात आणि आरएफ (ठिपका सॉल्व्हंटच्या तुलनेत किती वर गेला ते प्रमाण) वर सरकतो; जूनच्या मध्यावर पाऊस आला की पुन्हा तसंच. त्यामुळे कालचा आरएफ आजच्याशी ताडून काहीच सिद्ध होत नाही. एकाच प्लेटवर तीन ठिपके: सुरुवातीचा पदार्थ, दोन्ही एकावर एक, आणि रिॲक्शन. मधला ठिपका दोन तुकड्यांत फुटला तर दोन वेगळे पदार्थ आहेत, फुटला नाही तर ते वेगळे आहेत असं म्हणता येत नाही.

चाल्कोनसाठी हेक्झेन-इथाइल ९:१ पुरतं. अल्डिहाइड आणि चाल्कोन जवळजवळ पळतात, २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली दोन्ही काळे दिसतात. २,४-डीएनपीने फवारून अल्डिहाइड ओळखू असं वाटतं, पण चाल्कोनही कीटोनच आहे, तोही नारिंगी होतो; त्यावर फैसला करू नको. प्लेट पुन्हा ९५:५ मध्ये दोनदा चालव, तेवढं पुरतं. चेंबरमध्ये मिश्रण सकाळी बनवलेलं दुपारी वापरू नको. हेक्झेन आधी उडतं आणि प्रमाण बदलतं.

शुद्ध करायला इथेनॉलचं पुनर्स्फटिकीकरण. ग्रॅमला आठ-दहा मिलीपासून सुरुवात, पाण्याच्या बाथवर उकळून, सगळं विरघळेपर्यंत थोडं थोडं वाढवत. उघड्या ज्योतीवर नाही. सावकाश थंड होऊ दे, पण शेवट लॅबच्या तापमानावर सोडू नको. ४० अंशांच्या इथेनॉलमध्ये बराच माल विरघळलेलाच राहतो. अर्धा तास बर्फात ठेवून मग गाळ. तेल सुटलंच तर पुन्हा तापवून दोन मिली इथेनॉल वाढव, कोमट असतानाच आधीच्या शुद्ध मालाचा एक कण टाक आणि काचेच्या कांडीने आतली बाजू घास. कॉलमच्या मागे या पायरीला लागू नको. दोन ग्रॅमला ६०–१२० मेशचं किमान ६०-७० ग्रॅम सिलिका आणि लिटरभर सॉल्व्हंट जातं, आणि जेवढं सॉल्व्हंट जातं तेवढं तुलाच उन्हाळ्यातल्या रोटावर उडवावं लागतं.

मेल्टिंग पॉइंट घेण्याआधी थर्मामीटर बेंझोइक ॲसिडवर (१२२) तपास. केशनळीत दोन-तीन मिलिमीटर भर, ठोकून घट्ट. वितळण्याच्या जवळ मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा जलद तापवू नको. वितळायला लागलं ते आणि संपलं ते, दोन्ही आकडे लिही; दोन अंशांच्या आत असेल तर पुढे जा.

दुसरी पायरी पायराझोलिन. यात हायड्राझिन हायड्रेट आहे. हे विषारी आहे, कातडीतून शिरतं आणि कर्करोगकारक मानलं जातं. हूडच्या बाहेर बाटली उघडायची नाही, हातमोजे नायट्राइलचे, थेंब पडला तर लगेच बदलायचे. पहिल्या वेळी सीनियर शेजारी उभे असल्याशिवाय हात लावू नको. गाईडनी स्वतः परवानगी दिली आहे का तेही विचारून घे.

गाईड बहुधा ग्लेशिअल ॲसिटिक ॲसिडमध्ये करायला सांगतील. त्याला कारण आहे. इथेनॉलमध्ये केलं की मोकळा एनएच असलेला पायराझोलिन मिळतो. तो हवेत ठेवला की हळूहळू पायराझोल होत जातो आणि आठवड्याने पाठवलेल्या नमुन्याचा एनएमआर (रेणूतले हायड्रोजन, कार्बन कुठे आहेत ते दाखवणारा स्पेक्ट्रम) मिश्रणाचा येतो. ॲसिटिक ॲसिडमध्ये नायट्रोजनवर ॲसिटाइल बसतं आणि पदार्थ टिकतो. बाहेर पाठवायच्या नमुन्याला हेच बरं.

चाल्कोन ०.४९ ग्रॅम (२ मिलिमोल), ग्लेशिअल ॲसिटिक ॲसिड १० मिली, हायड्राझिन हायड्रेट ८० टक्क्यांचं ०.६ मिली, म्हणजे साधारण पाचपट. हायड्राझिन ॲसिडमध्ये घातलं की जोरात तापतं आणि पांढरा धूर येतो, म्हणून थंड करून थेंब थेंब. मग सहा ते आठ तास रिफ्लक्स. टीएलसी थेट रिॲक्शनमधून घेतली तर ॲसिटिक ॲसिडमुळे ठिपका लांबलचक ओघळतो. दोन थेंब छोट्या बाटलीत घे, एक मिली बायकार्बोनेटचं द्रावण आणि अर्धा मिली इथाइल घालून हलव, वरच्या थरातून ठिपका दे. हेक्झेन-इथाइल ७:३ मध्ये चाल्कोन वर आणि नवा पदार्थ बराच खाली. चाल्कोन संपल्याशिवाय थांबवू नको, कारण उरलेला चाल्कोन इथेनॉलमधून सोबतच स्फटिक होतो आणि तीनदा स्फटिक करूनही निघत नाही. बर्फावर ओत, तासभर ठेव, गाळ, आणि ॲसिटिक ॲसिडचा वास जाईपर्यंत पाण्याने धू. शंभर टक्के म्हणजे ०.६० ग्रॅम.

इथे आयआरचा सापळा आहे. ॲसिटोफिनोनचा कार्बोनिल १६८५ ला, चाल्कोनचा १६६० च्या आसपास, आणि ॲसिटाइल पायराझोलिनचा अमाइड कार्बोनिलही १६६० च्याच आसपास. आयआर बघून 'कीटोन राहिला, रिॲक्शन झालीच नाही' असं म्हणत माल फेकून देणारे असतात, आणि 'पट्टा आहे म्हणजे झाली' म्हणणारेही. निर्णय एनएमआरचा. चाल्कोनमध्ये दोन विनाइल प्रोटॉन ७.५ आणि ७.८ पीपीएमच्या जवळ, 'जे' (शेजारच्या प्रोटॉनशी कपलिंगचा आकडा) १५-१६ हर्ट्झ, म्हणजे ट्रान्स. पायराझोलिन झाला की ते जातात आणि तीन डबल डब्लेट येतात: ३.१, ३.७ आणि ५.५ च्या जवळ, 'जे' साधारण १७.६, ११.८ आणि ४.६. हा एबीएक्सचा (एकमेकांशी कपल झालेल्या तीन प्रोटॉनचा) नमुना पाठ करून जा, व्हायव्हात हमखास विचारतात. ॲसिटाइलचा मिथाइल २.४ ला सिंगलेट. कार्बन एनएमआरमध्ये १९० चा कीटोन गेला आणि १६८-१६९ चा अमाइड आला. मास स्पेक्ट्रममध्ये एम+एच (रेणू अधिक एक प्रोटॉन) २९९ आणि ३०१, तीनास एक, ते क्लोरिनचं. ही तीन-एकची जोडी दिसली नाही तर आधी नमुन्याच्या बाटलीवरचा नंबर तपास.

एनएमआरला वापरतात त्या डॉयटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये कोणता कचरा कुठे दिसतो तेही लिहून ठेव: ७.२६ क्लोरोफॉर्म, १.५६ पाणी, इथेनॉल १.२५ आणि ३.७२, इथाइल ॲसिटेट १.२६, २.०५ आणि ४.१२, ॲसिटोन २.१७, ॲसिटिक ॲसिड २.१०. निम्मे 'अनोळखी' पीक या यादीत सापडतात.

आता वेळेचं. आठ आठवड्यांत अडतं ते बनवण्याशी नाही, नमुन्याच्या रांगेशी. विभागात यंत्र असलं तरी रांग असते. बाहेरच्या सॅफ केंद्राला (नमुने तपासून देणारं मोठ्या यंत्रांचं केंद्र) पाठवायचं झालं, चंडीगडला किंवा आयआयटी मुंबईला, तर पैसे भरणं, फॉर्मवर गाईडची सही, कुरिअर आणि तिथली रांग यात तीन-चार आठवडे गेले तर नवल नाही. म्हणून पहिला शुद्ध चाल्कोन दुसऱ्या आठवड्याअखेर आणि पहिला पायराझोलिन चौथ्या आठवड्याअखेर बाटलीत बंद झालाच पाहिजे, बाकी पाच-सहा डेरिव्हेटिव्ह नंतर. प्रोटॉन एनएमआरला ५ ते १० मिलिग्रॅम, कार्बनला ३० पर्यंत, पूर्ण कोरडा. उलट बहुतेकजण आधी सगळे डेरिव्हेटिव्ह बनवतात आणि सातव्या आठवड्यात एकदम दहा बाटल्या घेऊन उभे राहतात. स्पेक्ट्रा येतात तेव्हा ते गावी असतात, आणि एखादा चुकलेला असेल तर तो दुरुस्त करायला कुणी नसतं. तीन पदार्थ पूर्ण तपासलेले हे दहा अर्ध्यांपेक्षा गाईडच्या कामाचे असतात.

वही पहिल्या दिवसापासून. पानांना नंबर, पेन्सिल नाही, पान फाडायचं नाही. प्रत्येक प्रयोगाला एक नंबर आणि तोच नंबर बाटलीवर, टीएलसीवर, एनएमआरच्या फाइलवर. लिहायचं ते त्याच क्षणी: बाटलीची कंपनी, शुद्धता, लॉट नंबर, प्रत्यक्ष वजन (१.४१ घ्यायचं होतं आणि १.४३ पडलं तर १.४३), बाथचं नव्हे तर आतलं तापमान, लॅबचं तापमान, रंग कधी बदलला. 'रूम टेंपरेचर' असं लिहू नको. मेमधलं ३९ आणि डिसेंबरमधलं १८ दोन्ही जळगावचीच रूम टेंपरेचर आहेत, आणि तुझं काम पुढे हिवाळ्यात कुणीतरी पुन्हा करणार आहे.

जाण्याआधीचं वाचन फार नको. मोल, लिमिटिंग रिएजंट, टक्केवारीची द्रावणं हे हाताने, मोबाइल न बघता करता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी सीनियर हेच बघतात. अल्डॉल आणि क्लायझेन-श्मिटची यंत्रणा, मायकेल ॲडिशन, एनएमआरचं कपलिंग. गाईडचे गेल्या तीन-चार वर्षांतले दोन पेपर आणि त्यातला प्रायोगिक भाग, प्रस्तावना नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) मिळतात, त्यात नुसती पद्धत नाही तर स्पेक्ट्राही असतात. मासिकांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' (संस्थांना मासिकं एकत्र उपलब्ध करून देणारी केंद्र सरकारची योजना) सुरू आहे. विद्यापीठाच्या नेटवर्कवरून बघ, कॉलेजातून उघडलं नाही तर ग्रंथपालांना विचार. प्रत्येक रसायनाचं सुरक्षा-पत्रक उघडून उकळबिंदू, फ्लॅश पॉइंट आणि विषारीपणा वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घे.

अंगावर सुती कोट, पूर्ण बूट, चष्मा. गरमीत कोटाची बटणं उघडी टाकायचा मोह होतो, आणि चपला घालून येणारे तर असतातच, दोन्ही नको. नायट्राइलच्या मोज्यातून डीसीएम एक-दोन मिनिटांतच आरपार जातं, मोजा आहे म्हणून निर्धास्त राहू नको. पाण्याची बाटली लॅबच्या बाहेर ठेव आणि तासाला बाहेर जाऊन पी. कचऱ्यासाठी क्लोरिनवाले सॉल्व्हंट वेगळ्या बाटलीत, बाकी वेगळ्या. नायट्रिक ॲसिड कधीही ॲसिटोन किंवा इथेनॉलच्या कचऱ्यात ओतायचं नाही. बाटली फुटते, आणि कधी कधी तासाभराने, कुणी जवळून जात असताना. हायड्राझिनचं धुणं सिंकमध्ये नाही, ते कुठल्या बाटलीत जातं ते आधी विचार.

पेपरचं. आठ आठवड्यांत, तेही चाल्कोनवर, पेपर निघेल असं धरून जाऊ नको. हा वर्ग शंभर वर्षांहून जास्त काळ बनवला जातोय. तुझे पदार्थ एखाद्या मोठ्या मालिकेत बसले, त्यांची जैविक चाचणी झाली, तर दोन वर्षांनी नाव लागू शकतं. ते गाईड ठरवतील, आणि ते पहिल्या आठवड्यात विचारणं शोभत नाही. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या मासिकांच्या जाहिराती मोबाइलवर येतील, त्यांच्या नादी लागू नको. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत त्या पेपरवर एक प्रश्न विचारला की सगळं उघडं पडतं. त्यापेक्षा शिफारसपत्र मोलाचं, आणि ते नीट ठेवलेल्या वहीवरूनच लिहिलं जातं.

कागदपत्रं मात्र पहिल्याच आठवड्यात. ही इंटर्नशिप ओजेटीत (ऑन-जॉब ट्रेनिंग) दाखवायची असेल तर ४ क्रेडिट म्हणजे १२० तास धरले जातात. कॉलेजचा हजेरीचा नमुना आणि मूल्यमापनाचा फॉर्म सोबत घेऊन ये आणि दर शनिवारी सही घे. शेवटच्या दिवशी गाईड परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या कामात असतात आणि आठ आठवड्यांच्या सह्या एकदम मागणं कुणालाच आवडत नाही.

शेवटचा आठवडा नव्या रिॲक्शनला देऊ नको. प्रत्येक बाटलीवर नंबर, रचना, वजन, तारीख आणि तुझं नाव, पेनाने लिहून वर पारदर्शक टेप, कारण ॲसिटोनच्या एका थेंबात मार्कर पुसला जातो. त्यांची एक यादी वहीत आणि एक सीनियरकडे. स्पेक्ट्राच्या पीडीएफसोबत मूळ फाइलीही पेन ड्राइव्हवर दोन ठिकाणी. अर्धवट राहिलेल्या रिॲक्शनचे फ्लास्क टाकून दे की ठेव, हे सीनियरला विचारून त्यांच्यासमोरच उरक. ड्रॉवर रिकामा करून काचसामान मोजून परत दे. एखादा जॉइंट चिरलेला असेल तर तसं सांगून वेगळा ठेव, नाहीतर पुढचा माणूस तोच व्हॅक्यूमला लावतो.